लाल लोकरीपासून बारा पावलं

गुरुवारी ट्राममध्ये समोरच्या बाकावरच्या बाईने मला माझीच थाप ऐकवली. खरं म्हणजे मला नव्हे, ती शेजारच्या मैत्रिणीला सांगत होती. पण चर्चमध्ये मेणबत्ती लावताना असतो तसला भाव तिच्या चेहऱ्यावर बघून माझी वरची कवळी जागची हलली. मार्चमध्ये आमच्याकडे सगळेच मनगटाला बांधतात ती लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा बोटाने फिरवत ती म्हणाली, "यंदा ही खाली कुठल्यातरी फुललेल्या झाडाला नाही बांधायची. वर रिलाच्या डोंगरात न्यायची, घळीतल्या त्या एकट्या पाइनला. तिथे बांधली की डोंगर तुम्हाला हात लावत नाही. तो डोब्री होता ना, सगळ्यांनी बांधली आणि त्याने एकट्याने नाही बांधली, बर्फाने त्यालाच नेलं बघ." मी गुडघ्यांमधली काठी सावरत म्हटलं, "बाई, तसं काही नाहीये. थाप आहे ती." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय माहीत, आजोबा?" "मीच मारलीय." दोघी हसल्या, वाईट नाही, लाडाने हसल्या, ते जास्त लागलं. "पुस्तकात छापलंय ते," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "आणि तुमच्या वयाला होतं असं. माझे सासरे म्हणतात, सोफियात ट्राम त्यांनी आणली." मी दोन थांबे आधीच उतरलो. उतरताना गुडघा कुरकुरला आणि मागून ती म्हणाली, "सावकाश, आजोबा," म्हणजे माझ्या थापेने मला वरून आशीर्वादही दिला.

रस्त्यावर दक्षिणेकडचा वारा होता, ओला, कोमट, कुणीतरी जवळ येऊन मानेवर श्वास सोडावा तसा. थांब्यामागे पालिकेने लोटून ठेवलेल्या काळ्या बर्फाचा ढीग होता. मी बुटाची टाच त्यात दाबली. घोट्यापर्यंत गेली. शहरातल्या ढिगावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे; पण छत्तीस वर्षं डोंगरातल्या बचावपथकात काढलेल्या माणसाचा पाय मार्चमध्ये बर्फ दिसला की आपोआप चौकशी करतो. हिवाळ्यातला बर्फ भांडखोर असतो, त्याचं तोंड दिसतं. वसंतातला गोड बोलतो. रात्री आभाळ मोकळं असलं तर पहाटेपर्यंत त्यावर अशी घट्ट साय धरते की वरून लग्नाची वरात न्यावी. मग ऊन चढतं, साय मऊ होते, आतून पाणी सुटतं, आणि ज्या उताराने सहा वाजता तुम्हाला खांद्यावर घेतलं तोच नऊ वाजता तुमच्यासकट खाली बसायला निघतो. आणि रात्री ढग असले तर साय धरतच नाही. मग सहा काय आणि नऊ काय. इतकी साधी गोष्ट मी हजार माणसांना सांगितली असेल. एकाच्याही लक्षात नाही. पाइनची थाप मात्र एकदा सांगितली आणि तिला नातवंडं झाली. मला विचाराल तर हा माणसांच्या डोक्यांमधला दोष आहे. झ्लाटकाला विचाराल तर माझ्यातला.

झ्लाटका म्हणजे माझी बायको. घरी आलो तेव्हा ती घेवड्याच्या रश्श्यात पुदिना चुरडत होती आणि आमची नात रालित्सा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही स्की उलट्या ठेवून त्यांना मेण लावत होती. जेवायच्या टेबलावर. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आजोबा, शनिवारी तुमच्या पाइनला चाललोय. अकरा जण. ओग्न्यान नेतोय." तिच्याही मनगटावर लाल-पांढरं. मी कोटही न काढता खुर्चीत बसलो आणि सेहेचाळीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला लागलो. आणि काय सांगू, खरं सांगायची सवय नसल्यामुळे मला सुरुवातच सापडेना. थाप कशी आपल्या पायाने चालते. खऱ्याला उचलून न्यावं लागतं.

त्या वर्षीही मार्चचा शेवट होता. आम्ही पाच जण निवाऱ्यावरून घळीत निघणार होतो आणि निघायची वेळ सहाची होती. मी न्याहारीला एक गोष्ट सुरू केली. कुठली ते आठवत नाही, अस्वलाची असेल. सगळे हसत राहिले, चहा पुन्हा पुन्हा ओतला गेला, डोब्री तर टेबलावर डोकं टेकून, मला आमच्या रीतीने 'बाय' म्हणजे दादा म्हणत हसत होता, "बाय गाव्रिल, थांब रे, पोट दुखलं," आणि आम्ही सात वाजून गेल्यावर निघालो. घळीच्या मध्यावर ते पाइनचं झाड. बाकी सगळे पाइन खाली, हा एकटाच वर येऊन उभा, रस्ता चुकल्यासारखा. तिथे फुललेलं झाड कुठून येणार, म्हणून डोब्री म्हणाला, यालाच बांधू या. बांधल्या. सगळ्यांनी. डोब्रीने सगळ्यांत आधी बांधली, खालच्या फांदीला, त्याच्या आईने वळलेली जाड लोकरीची, दोन गाठींची. मग आम्ही वर चढलो, आणि उतरताना वरचा बर्फाचा काठ सुटला. त्याचा आवाज मोठा नसतो. कुणीतरी शेजारच्या खोलीत पलंग सरकवावा, इतकाच. मी कडेला फेकलो गेलो. उठलो तर खाली सगळं हललेलं होतं आणि डोब्री नव्हता. त्या काळी गाडलेल्याला शोधणारी यंत्रं नव्हती. आम्ही कमरेला वीस हात लांब लाल दोरी बांधून ती मागे ओढत चालायचो, माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक वर दिसावं म्हणून. मला लाल दिसलं. मी तिथे धावलो आणि खणायला लागलो. फावडं मोडलं, हाताने खणलं. चाळीस मिनिटं. आत पाइनची मोडलेली फांदी निघाली आणि तिला ती दोन गाठींची मार्तेनित्सा. डोब्री तिथून बारा पावलांवर होता. दोरी त्याच्याच अंगाखाली गुंडाळलेली. मी मोजली नंतर, पावलं. बारा.

"आणि मग संध्याकाळी निवाऱ्यावर लोकांनी विचारलं, तू कसा वाचलास," मी म्हणालो. "मी म्हटलं, मी मार्तेनित्सा बांधली होती, डोब्रीने नव्हती बांधली. ती माझ्या खिशात होती तेव्हा. त्याचीच." मी नातीकडे पाहिलं. तिने मेणाचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे नवीन आहे, आजोबा. आधीच्यापेक्षा चांगलं जमलंय." झ्लाटका न वळता म्हणाली, "जेवायच्या आधी मेलेली माणसं कशाला? त्रेपन्न वर्षं झाली, या घरात खरं बोलणारं एकच यंत्र आहे, ह्यांचं रक्तदाबाचं." "बायकाहो, मी खरं सांगतोय." "तेच तर," झ्लाटका म्हणाली, "अस्वलाने तुमचा टूथब्रश नेला तेव्हाही हेच शब्द होते." मी कोट काढला, पुन्हा घातला. "मी येणार शनिवारी," मी म्हटलं. "गुडघ्याचं काय?" "गुडघाही येईल."

शुक्रवारी दुपारी निवाऱ्यावर पोचलो. दोन तासांची वाट मला चार तास लागली आणि पूर्ण वाटभर तरुण पोरं माझ्या वेगाने चालत राहिली, आदराने, जशी काही मी मिरवणुकीतली मूर्ती आहे. हा आदर फार त्रासदायक प्रकार आहे. भांडणाऱ्याशी भांडता येतं. हे लोक मान डोलवतात. त्यांचा नेता ओग्न्यान, कातरलेली दाढी, दात इतके सरळ की त्याच्यावर विश्वासच ठेवावासा वाटू नये. म्हणाला, "बाय गाव्रिल, तुमच्याच पावलावर पाऊल टाकून आलोय. नऊनंतर घळीत पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम. उद्या सातला निघू, साडेआठला पाइनपाशी, नऊला खाली. आणि सगळ्यांकडे शोधयंत्रं आहेत." मी म्हटलं, "यंत्र शोधून देतं रे. जिवंत ठेवत नाही." "वा," तो म्हणाला आणि मागच्या मुलीला ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. संध्याकाळी आभाळ खाली आलं, गोधडीसारखं, आणि डोंगराला नीट गुरफटून बसलं. मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो. छपराची धार थांबायची वाट बघत होतो. थांबली असती तर गोठतंय असं कळलं असतं. थांबली नाही. अंथरुणात पडल्यावरही तीच मोजत राहिलो, टप, टप, आणि डोब्रीचं टेबलावर टेकलेलं डोकं दिसत राहिलं, हसताना हलणारे खांदे. तो माझ्या गोष्टीला हसत होता म्हणून उशीर झाला. हे वाक्य मी मनात इतकं घासलंय की त्याला आता धार उरलेली नाही, फक्त वजन.

पहाटे उजाडता उजाडता बाहेर गेलो. निवाऱ्यासमोर ओढा, ओढ्यापलीकडे सपाटी, आणि सपाटीवर घळीचं तोंड. सगळं तिथूनच दिसतं. मी वाकलो आणि बर्फावर मूठ दाबली. मूठ गेली. मनगट गेलं. माझ्याही मनगटावरची मार्तेनित्सा भिजली. वरच्या उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप सुटून खाली येत होते, मागे बारीक रेघ सोडत, कुणी न ढकलता. मी आत जाऊन ओग्न्यानला हाताला धरून बाहेर आणलं. "दाब." त्याने दाबलं. "मऊ आहे," तो म्हणाला. "गोठलं नाहीये. ते गोळे बघ." "पण ऊन नाहीये, बाय. ऊन नसेल तर तापणार कसं? उलट आज जास्त वेळ मिळेल." अगदी शहाण्यासारखं बोलला. अर्धवट माहितीइतकं शहाणं काही दिसत नाही. "आणि आपण पाइनला बांधायलाच चाललोय ना," तो हसून म्हणाला. तेव्हा कळलं की हा नियम, ही यंत्रं, हे सगळं वरवरचं आहे. आत कुठेतरी या सरळ दातांच्या माणसाला माझी थाप धीर देते आहे. त्या झाडापर्यंत पोचलं की झालं, असं त्याला वाटतंय. शंभर वेळा बर्फाच्या शाळा घेतल्या तरी माणूस शेवटी दोऱ्यावरच विसंबतो.

न्याहारीला तळलेल्या मेकित्सा होत्या, वर जाम. मी उभा राहिलो आणि त्या अकरा जणांना सगळं सांगितलं. अस्वल नाही, सजावट नाही. उशीर, फांदी, दोन गाठी, चाळीस मिनिटं, बारा पावलं, खिशातली मार्तेनित्सा. पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट वाईट सांगितली असेल; अडखळलो, एकदा तर आवाजच गेला. संपल्यावर टाळ्या. एकीच्या डोळ्यांत पाणी. एक जण म्हणाला, "ती आवाज जाण्याची जागा काय घेतलीत." ओग्न्यानने घड्याळ बघितलं. सहा वाजून चाळीस मिनिटं. "चला, आवरा," तो म्हणाला, "अशा गोष्टीनंतर तर बांधायलाच हवी." मला इतका संताप आला की मी खाली बसलो. बसलो ते दारालगतच्या बाकावर, आणि दुखरा पाय समोर पसरला तो नेमका उंबऱ्यावर आडवा. तेव्हा डोक्यात काही नव्हतं, खरंच गुडघा दुखत होता. मग मला दिसलं की मला ओलांडल्याशिवाय कुणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि ही माणसं माझ्यावरून पाय टाकून जाणारी नाहीत. नऊ वाजेपर्यंत. त्याच्याच नियमाने नऊनंतर तो नेणार नव्हता. खरं ऐकून निघायला उठली होती, आता एकच उपाय. मी म्हटलं, "जा, पण त्सारित्साची गोष्ट ऐकली नसेल तुम्ही."

त्सारित्सा या निवाऱ्यावरचं खेचर. असं खेचर कधीच नव्हतं, हे सांगायला नको. तर त्सारित्सा मार्च महिन्यात रोज पहाटे एक खूर बर्फावर ठेवायची, डोळे मिटून उभी राहायची, आणि खूर बुडाला की वळून तबेल्यात. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सोफियाहून एक निरीक्षक आला, उपकरणांच्या तीन पेट्या घेऊन. म्हणाला, उतार पक्का आहे. त्सारित्सा त्याच्या पेटीवर बसली. "कुठल्या पेटीवर?" रालित्सा म्हणाली. मी चिडलो. पोरीला एवढंही कळू नये की गोष्ट धावती असली पाहिजे. "मधल्या." "म्हणजे दुसऱ्या? पेट्या ओळीत होत्या की एकावर एक?" सगळे हसले, दोघे पुन्हा बसले, आणि मला पेट्यांची मांडणी करावी लागली. मग त्सारित्साने खुराची सही करून सोफियाला अर्ज पाठवला. "शाई कुठली?" रालित्सा म्हणाली. मग तिला दुय्यम निरीक्षकाच्या हुद्द्यावर नेमल्याचं पत्र आलं, सोबत टोपी. टोपीला कानांची भोकं होती का, हेही माझ्या नातीला हवं होतं. साडेसातला ओग्न्यान उठला. "बाय, पुढचं परत आल्यावर." तेवढ्यात रालित्सा म्हणाली, तिच्या एका स्कीखाली चिकटवायची चढाईची पट्टी सापडत नाहीये. तिच्याशिवाय वर चढता येत नाही. झालं, सगळ्यांनी पिशव्या उपसल्या, बाकांखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं. मला शरम वाटली. बचावपथकातल्या माणसाची नात, आणि पट्टी हरवते. "असं आवरतात का सामान?" मी सर्वांसमोर बोललो. ती चहा ओतत राहिली. शोधून थकलेले लोक चहाला बसले आणि म्हणाले, मग त्या टोपीचं काय झालं? मी टोपीचं सांगितलं. तोंड त्सारित्साबद्दल बोलत होतं आणि आत मी छपराची धार ऐकत होतो, आता ती धार उरली नव्हती, नळ सोडल्यासारखी सलग. आणि तेच टेबल, तोच तळणीचा वास, तसंच टेकलेलं एखादं हसरं डोकं. माझ्या गोष्टी ऐकून लोकांना उशीर होतो. आयुष्यात मला एवढं एकच येतं, आणि ते मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा एक माणूस गेला. मला माझा आवाज नकोसा झाला होता. मी बोलत राहिलो.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी कुणीतरी शेजारच्या खोलीत पलंग सरकवला. शेजारी खोली नव्हती. मी पाय उचलला आणि सगळे दाराकडे धावले.

घळ वरपासून खालपर्यंत मोकळी होत होती. लोंढा सपाटीवर पसरला, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला येऊन थांबला, धुरळा नाही, नुसता ओला जड पांढरा चिखल, गवत आणि दगडांसकट. घळीच्या मध्यावर झाड नव्हतं. मग धुकं जरा हललं आणि मला लाल दिसलं. एका ठिकाणी नाही. सेहेचाळीस वर्षांच्या मार्तेनित्सा त्या झाडावर होत्या, शेकडो, आणि आता त्या साऱ्या ढिगावर विखुरल्या होत्या, इथे एक, तिथे पाच, ओल्या, ताज्या लाल, एकेक मला म्हणत होती, इथे खण. माझे हात खरोखर पुढे झाले. रालित्साने मागून माझा कोट धरला होता. साडेआठला पाइनपाशी, असं ठरलं होतं त्यांचं. सगळ्यांनी मनात आपापलं नाव मोजलं असेल. मग ओग्न्यानने टोपी काढली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "झाडाने आपल्यासाठी जीव दिला." दोन-तीन जणांनी मान हलवली. एकीने छातीवर क्रूसाची खूण केली. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं लागली. माझी एक थाप मेली आणि तिच्या जागी तिच्याहून धडधाकट दुसरी उभी राहिली, आणि ही तर मी मारलीही नव्हती.

दुसऱ्या बाजूच्या जंगलवाटेने आम्ही खाली उतरायला लागलो. रालित्सा माझ्यासोबत मागे राहिली. बऱ्याच वेळाने तिने जाकिटाची चेन उघडली आणि आतून चढाईची पट्टी काढली, घडी केलेली, अंगाच्या उबेने मऊ झालेली. "कुठल्या पेटीवर, कुठली शाई," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं मी मठ्ठ आहे?" "वाटलं." "ओग्न्यानला मी काल दोनदा सांगून पाहिलं, बर्फ गोठत नाहीये म्हणून. तो म्हणाला, पाइनपर्यंत तर जाऊ. मग म्हटलं, तुम्ही जे करताय त्यालाच हात लावावा." "पण तू गुरुवारी म्हणालीस, चांगलं जमलंय." "गुरुवारी तसंच वाटलं. आजोबा, तुमच्या अस्वलाचं वजन दर वेळी वेगळं असतं. त्याने टूथब्रश नेला, मग टॉवेल, मग रेडिओ. आज सकाळी तुम्ही पुन्हा बारा म्हणालात. चाळीस आणि बारा. गुरुवारीही चाळीस आणि बारा." ती पट्टी पिशवीत कोंबत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तुमचे आकडे कधी जागेवर राहत नाहीत. हे राहिले." मी तिला म्हणालो की पट्टी अशी कोंबत नाहीत.

खाली गाड्या लावल्या होत्या तिथे कुंपणाला एक रानटी आलुबुखारचं झाड होतं, अंगभर फुललेलं, खाली वसंत असाच आधी येऊन उभा असतो. लोकांनी मनगटावरच्या मार्तेनित्सा सोडल्या आणि त्यालाच बांधायला लागले, जरा ओशाळून, हळू आवाजात. मी पाकीट काढलं. त्यातल्या मागच्या कप्प्यात ती होती, लाल राहिली नव्हती, पांढरीही नव्हती, दोन गाठी तेवढ्या जागच्या जागी. बोटं नीट वळेनात, तरी बांधली. ओग्न्यान शेजारी येऊन वाकून बघू लागला. "ही कुणाची, बाय?" "डोब्रीची," मी म्हणालो. त्याच्या मागून तिघा-चौघांनी एकदमच म्हटलं, "पण त्याने तर बांधलीच नव्हती." मी वळलो. सेहेचाळीस वर्षं, दोनदा सांगितलेली हकिकत, एक उताणी पडलेली घळ, आणि अजून हे. मी काठी टेकवून, श्वास घेऊन, पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रालित्सा गाडीला स्की बांधता बांधता तिथूनच म्हणाली, "बांधली होती."

आणि त्यांना पटलं. तेवढ्यावर पटलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलं नाही. ओग्न्यानने ती जुनी लोकर बोटाने फक्त जराशी सरळ केली.